शेअर बाजार : भावाचा कल आणि डहाणूचा दाखला

भाव ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने व्यवहार करण्याची रीत चार्ल्स डाऊ यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, परिचित आहे. नवे शिखर आधीच्याहून उंच आणि नवा तळ आधीच्याहून वर असेल, तर कल तेजीचा; उलट घडल्यास मंदीचा. प्रचलित कसोटी २०० दिवसांच्या सरासरी भावाची. बंद भाव तिच्या वर असेतो शेअर बाळगायचा, खाली घसरताच विकायचा.

डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र ‘बीएसईएस’ने उभारले. हीच कंपनी पुढे रिलायन्स एनर्जी व २००८ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर झाली. जानेवारी २००८ मध्ये तिच्या शेअरने अडीच हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. नंतर डहाणूत वीज तयार होतच राहिली, भाव मात्र उतरत गेला. २०१८ मध्ये केंद्र अदानी समूहाकडे गेले. मार्च २०२० मध्ये शेअर दहा रुपयांच्या आसपास आला. शिखरावर गुंतवलेल्या लाखाचे जेमतेम चारशे उरले. ‘स्वस्त झाला’ म्हणून पडत्या भावात खरेदी वाढवणाऱ्यांची रक्कम तर अधिकच अडकली.

सरासरी भावाच्या मागून चालत असल्याने या रीतीने शिखराचा भाव कधीच हाती लागत नाही. २००९ व २०१४ मध्ये हाच शेअर बराच सावरला होता. अशा वेळी ही कसोटी पुन्हा खरेदी सुचवते. दिशाहीन बाजारात ती वारंवार चकवते, आणि दर फेरीला दलाली व कर द्यावा लागतो तो वेगळाच.