बॅटल ऑफ अल्जिअर्स, द

अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धातील एका पर्वावर आधारलेला, इटली व अल्जीरिया यांच्या संयुक्त निर्मितीचा राजकीय चित्रपट (१९६६). दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्व्हो (१९१९–२००६). प्रदर्शनानंतर सुमारे चार दशकांनी, इराकमधील युद्धाच्या निमित्ताने, हा चित्रपट पुन्हा जगभर चर्चेचा विषय झाला. राजकीय कलाकृतीचे महत्त्व तिच्या निर्मितिकाळापुरते मर्यादित नसते. पुढील घटनांमुळे तिच्या आशयाला नवे संदर्भ लाभतात, याचे हा चित्रपट एक ठळक उदाहरण होय.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स शहर जिंकून अल्जीरियात आपली सत्ता प्रस्थापित केली. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने या सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू केला व १९५६ मध्ये लढ्याचे लोण राजधानीत पोहोचले. १० ऑगस्ट १९५६ रोजी यूरोपीय अतिरेक्यांनी कसबा या जुन्या मुस्लिम वस्तीत बाँबस्फोट घडवून आणला; ३० सप्टेंबर रोजी आघाडीच्या तरुण स्त्रियांनी यूरोपीय वस्तीतील उपाहारगृहांत बाँब ठेवले. दोन्ही प्रसंगी निरपराध नागरिक मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५७ मध्ये शहरातील पोलिसी अधिकार जनरल झाक मास्यू यांच्या छत्रीधारी सैन्याकडे सोपविण्यात आले. आघाडीने पुकारलेला आठ दिवसांचा संप बळाने मोडून काढण्यात आला. घरोघर झडत्या, विनाचौकशी अटक आणि कैद्यांचा पद्धतशीर छळ या मार्गांनी सैन्याने भूमिगत संघटनेचे जाळे उकलले. ऑक्टोबर १९५७ मध्ये अली ला प्वांत हा तिचा अखेरचा प्रमुख कार्यकर्ता मारला गेला. सैन्याने लढाई जिंकली. परंतु डिसेंबर १९६० मध्ये अल्जिअर्सची जनता प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरली आणि जुलै १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला.

आघाडीच्या अल्जिअर्समधील संघटनेचे प्रमुख यासेफ सादी (१९२८–२०२१) यांनी कारावासात लिहिलेल्या आठवणींतून या चित्रपटाची कल्पना उगम पावली. चित्रपटाचे ते एक निर्माते होते आणि स्वतःच्या जीवनावर बेतलेली भूमिकाही त्यांनीच केली. पटकथा फ्रांको सोलिनास यांची, तर छायाचित्रण मार्चेल्लो गात्ती यांचे आहे. वृत्तपटाचा एकही तुकडा न वापरता केवळ चित्रण व प्रकाशयोजना यांच्या बळावर त्यास वृत्तपटाचे रूप देण्यात आले. चित्रीकरण प्रत्यक्ष कसब्यात झाले व बहुतेक भूमिका तेथील सामान्य नागरिकांनी केल्या. कर्नल मात्यू या प्रमुख सैनिकी भूमिकेसाठी मात्र झां मार्तँ या व्यावसायिक नटाची निवड झाली. त्यांनी १९६० मध्ये अल्जीरियातील युद्धाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एकच शोकसंगीत योजले आहे, ही गोष्ट चित्रपटाची भूमिका स्पष्ट करते : त्याची सहानुभूती स्वातंत्र्याच्या बाजूने आहे, पण मृत्यूचे दुःख तो वाटून देत नाही.

१९६६ च्या व्हेनिस महोत्सवात चित्रपटास सुवर्णसिंह हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. निषेधार्थ फ्रेंच प्रतिनिधिमंडळ निघून गेले आणि फ्रान्समध्ये १९७१ पर्यंत चित्रपटाचे सार्वजनिक प्रदर्शन होऊ शकले नाही. इतरत्र मात्र परस्परविरोधी गटांनी त्याचा पाठ्यपुस्तकासारखा उपयोग केला. अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीने त्यात भूमिगत संघटनेची रचना पाहिली, तर अर्जेंटिनात नौदलाच्या प्रशिक्षणार्थींना तो बंडखोरांच्या दमनाचा वस्तुपाठ म्हणून दाखविण्यात आला. २७ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या पेंटॅगॉन या संरक्षण मुख्यालयात त्याचा खास खेळ झाला. दहशतवादाविरुद्धची लढाई जिंकूनही विचारांचे युद्ध कसे हरता येते, हा प्रश्न त्याच्या निमंत्रणपत्रिकेतच मांडला होता. २००४ मध्ये तो अमेरिका व फ्रान्स येथील चित्रपटगृहांत पुनःप्रदर्शित झाला. त्याच वर्षी इराकमधील अबू घ्रैब तुरुंगातील छळाची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्याने त्यातील प्रश्नाला वेगळीच धार आली.

तो प्रश्न चित्रपटातील पत्रकार परिषदेच्या प्रसंगी उपस्थित होतो. फ्रान्सने अल्जीरियात राहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचे सर्व परिणाम स्वीकारले पाहिजेत, असे मात्यू बजावतो. छळाची जबाबदारी अशा रीतीने केवळ सैनिकावर न राहता, धोरण ठरविणाऱ्या शासनावर व त्यास मूक संमती देणाऱ्या समाजावर येते. चित्रपटाला केवळ तंत्राचे पाठ्यपुस्तक मानणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हाच मुद्दा निसटला.

चित्रपटाने मांडलेल्या अनेक गोष्टींना पुढे दुजोरा मिळाला. अल्जिअर्समधील वरिष्ठ मुलकी अधिकारी पॉल तेतजेन यांनी १९५७ मध्येच राजीनामा दिला होता; त्यांच्या गणनेनुसार सैन्याने पकडलेल्यांपैकी ३,०२४ व्यक्ती बेपत्ता झाल्या. आघाडीचे नेते लार्बी बेन म्हिदी यांनी कोठडीत आत्महत्या केल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले होते. चित्रपटात हे निवेदन येते, तेव्हा पत्रकार त्यावर संशय व्यक्त करतात. त्यांची हत्या आपण केल्याचे जनरल पॉल ओसारेस यांनी २००१ मध्ये आपल्या आठवणींत मान्य केले, तर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ही हत्या असल्याची अधिकृत कबुली १ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी, दिली.

तथापि चित्रपटाच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ही कथा विजेत्यांच्या सहभागाने सांगितली गेली आहे. मेसाली हाज यांच्या प्रतिस्पर्धी राष्ट्रीय चळवळीशी आघाडीचा झालेला रक्तरंजित संघर्ष तीत येत नाही. चित्रीकरणाच्या वर्षीच, जून १९६५ मध्ये, हुआरी बूमेदिएन यांनी लष्करी उठाव करून अध्यक्ष बेन बेल्ला यांना पदच्युत केले. ज्या स्त्रियांचे शौर्य चित्रपटात दिसते, त्यांचे कौटुंबिक हक्क स्वतंत्र अल्जीरियाच्या १९८४ च्या कायद्याने संकुचित केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अध्यक्ष बूतेफ्लिका यांच्या पाचव्या उमेदवारीविरुद्ध अल्जिअर्समध्ये शांततामय निदर्शने सुरू झाली, तेव्हा १९५७ च्या लढ्यातील वीरांगना जमीला बूहिरेद वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांत सामील झाल्या. परकीय सत्तेच्या अंताने स्वातंत्र्याचा प्रश्न पूर्णतः सुटत नाही, हे त्या देशाच्या उत्तरकालीन इतिहासाने दाखवून दिले. त्यामुळे चित्रपटातील शेवटची, जनतेच्या निदर्शनांची दृश्ये आज केवळ परकीय सत्तेविरुद्धची राहिलेली नाहीत.