शब्दवेध : कुबरनेटिस

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवणाऱ्या टीममध्ये रोज कानावर पडणारा हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ : सुकाणू धरणारा. तोच धातू लॅटिनमधून फिरत इंग्रजीत ‘गव्हर्नर’ झाला. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी त्यावरूनच आपल्या पुस्तकाला ‘सायबरनेटिक्स’ नाव दिलं. २०१४ मध्ये गूगलने कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअरची बंदिस्त पाकिटं, सांभाळणारी प्रणाली जाहीर केली, ती ‘कुबरनेटिस’ याच नावाने.

नाव अगदी चपखल आहे. फाइलमध्ये आपण लिहितो, ‘रेप्लिकाज ३’, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तीन प्रती चालू हव्यात. मध्यरात्री एक मशीन बंद पडलं आणि दोनच प्रती उरल्या, तर प्रणाली हुकमाची वाट पाहत बसत नाही. लिहिलेलं आणि चालू असलेलं ताडून पाहते, तिसरी प्रत दुसऱ्या मशीनवर उभी करते. सुकाण्याही सतत हेच करतो : ठरलेली दिशा आणि गलबताची दिशा यांतलं अंतर मिटवत राहतो. दिशा ठरवणं मात्र टीमचंच काम. सदोष आवृत्ती लिहिली, तर तीही तितक्याच इमानाने चढवली जाईल.

आपला ‘सुकाणू’ही दर्यावरूनच आलेला, अरबी ‘सुक्कान’पासून.

कुबरनेटिसच्या बोधचिन्हात सुकाणूचं निळं चक्र आहे. त्याला आरे सात, कारण प्रकल्पाचं आधीचं नाव होतं ‘प्रोजेक्ट सेव्हन’.