घरभर हाय डेफिनिशन : वायरचा विचार भिंतींच्या आधी

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची अनेक वर्षे वसईतील कौलारू घरावरचा अॅल्युमिनियमचा अँटेना आणि त्यापासून ओटीपर्यंत आलेली एक चपटी वायर, एवढीच दूरचित्रवाणीची जोडणी असे. संच एक, वाहिनी एक आणि पाहणारी सारी आळी! नव्वदच्या दशकात केबल आली, ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि चाळी-वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्येही आज दोन संच सहज आढळतात. आजोबांची मालिका, मुलांचा क्रिकेट सामना आणि रात्रीच्या बातम्या एकाच वेळी, तेही सुस्पष्ट एचडी चित्रासह हवे असतील, तर मात्र घरातील वायरिंगचा मुळापासून विचार करावा लागतो. हा विचार बहुधा रंगकाम झाल्यावर सुचतो आणि मग नव्या भिंतींवरून काळ्या वायरी लोंबतात.

एचडी चित्र म्हणजे नेमके किती, हे आधी पाहणे इष्ट. जुन्या पाल पद्धतीच्या डिजिटल चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख बिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. अशी साठ चित्रे दर सेकंदाला जशीच्या तशी पाठवायची, तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट इतकी माहिती वाहून न्यावी लागते. उपग्रहावरून किंवा केबलमधून येणारी तीच वाहिनी संक्षेपित स्वरूपात असल्याने साधारण १० मेगाबिटच्या आत मावते. सेट टॉप बॉक्स हे गाठोडे उघडतो. घरात चित्र वाटायचे ते बॉक्सच्या अलीकडे, गाठोडे बांधलेले असताना, की पलीकडे, ते उघडल्यानंतर, या एका प्रश्नात साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे.

अलीकडे वाटायचे, तर प्रत्येक संचाला स्वतंत्र बॉक्स लागतो. केबलच्या बाबतीत हे काम सोपे असते. इमारतीत आलेली केबल स्प्लिटर लावून दोन-तीन खोल्यांत नेता येते. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये संकेताची शक्ती निम्म्याहून थोडी कमी होते; त्यामुळे स्प्लिटरला पुन्हा स्प्लिटर जोडण्याची हौस टाळावी. एचडी चित्र केबलवर हळूहळू फिके होत नाही, ते एका क्षणापर्यंत उत्तम दिसते आणि मग चौकोन-चौकोन होऊन थिजते.

डिश अँटेनाला मात्र हा न्याय लागू पडत नाही, आणि नेमकी येथेच सर्वाधिक फसगत होते. डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी उपग्रहाचा अतिउच्च कंप्रतेचा संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवून वायरीत सोडतो. कोणत्या ध्रुवणाचा संकेत हवा, हे बॉक्स त्याच वायरीवरून १३ किंवा १८ व्होल्ट विद्युतदाब पाठवून सांगतो. साध्या स्प्लिटरने दोन बॉक्स एकाच वायरीला जोडले, तर एक १३ मागतो, दुसरा १८; परिणामी एका खोलीत चित्र आले की दुसऱ्या खोलीतील काही वाहिन्या गायब होतात. पुष्कळदा दोष बॉक्सचा समजला जातो आणि तो विनाकारण बदलला जातो. यावर उपाय म्हणजे दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सपर्यंत स्वतंत्र वायर नेणे. खोल्या अधिक असतील, किंवा साऱ्या इमारतीसाठी गच्चीवर एकच डिश ठेवायची असेल, तर मल्टिस्विच बसवणे. वायर ७५ ओहमची आरजी-६ जातीची, तांब्याच्या गाभ्याची असावी. २१५० मेगाहर्ट्झला अशा वायरीत ३० मीटरमागे सुमारे १० डेसिबलची घट होते, म्हणून वायर शक्यतो आखूड ठेवावी.

डिश कोठे बसवायची, हे वसई-विरारमध्ये घरमालकापेक्षा भूगोल ठरवतो. देशातील बहुतेक डीटीएच सेवांचे उपग्रह ८३ ते ९५ अंश पूर्व रेखांशांवर आहेत. वसई ७३ अंशांच्या थोडी अलीकडे. त्यामुळे येथील डिशचे तोंड दक्षिण-आग्नेय ते आग्नेय दिशेला आणि क्षितिजापासून ५५ ते ६५ अंश वर असते. पश्चिमेला समुद्राकडे बघणारी सुंदर बाल्कनी या कामी निरुपयोगी. तेथील रहिवाशाला गच्चीच गाठावी लागते आणि त्यासाठी सोसायटीची परवानगीही. गास, निर्मळ, वाघोली परिसरातील वाड्यांमध्ये अडचण निराळी, ती माडांची. डिशपेक्षा १२ मीटर उंच असलेला माड त्या दिशेला सहा ते आठ मीटरच्या आत असेल, तर त्याच्या झावळ्या संकेत अडवू शकतात. पावसाळ्याच्या तोंडावर डिश बसवताना मोकळे दिसलेले आकाश दोन वर्षांनी झाड वाढल्यावर झाकले जाते, हेही ध्यानात ठेवलेले बरे. अर्नाळा, भुईगाव, रानगाव या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने डिशचे नटबोल्ट आणि वायरीची टोके लवकर गंजतात. जोडणीच्या टोकांवर रबरी आवरण आणि वायरीला खाली पाणी ओघळण्यासाठी एक झोल, एवढी दक्षता पुष्कळ वर्षे वाचवते. जोरदार सरीत चित्र काही मिनिटे जाणे हा मात्र कू-बँडचा स्वभावच आहे. त्यासाठी कोणाला दूरध्वनी करण्यात अर्थ नाही.

दुसरा मार्ग बॉक्सच्या पलीकडचा. एकच बॉक्स, एकच वर्गणी आणि एचडीएमआय स्प्लिटर लावून दोन-तीन संचांवर चित्र. खर्च कमी, पण सर्व खोल्यांत एकच वाहिनी दिसते. आजोबांनी मालिका लावली की मुलांचा सामना संपला! शिवाय डिसेंबर २००२ मध्ये प्रथम जाहीर झालेल्या एचडीएमआयची रचना बॉक्स आणि शेजारचा संच यांच्यासाठी आहे. साधी वायर दहा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. त्याहून लांब न्यायचे, तर ऑप्टिकल तंतूची एचडीएमआय वायर किंवा नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवरून चित्र नेणारी एचडीबेस-टी पद्धतीची जोडी वापरतात. या पद्धतीत पूर्ण एचडी चित्र १०० मीटरपर्यंत जाते. बॉक्सचा रिमोट भिंतीपलीकडून चालत नाही, म्हणून इन्फ्रारेड संकेत उलट दिशेने नेण्याची सोयही पाहून घ्यावी लागते.

या मार्गात आणखी एक खोच आहे. बॉक्स चित्र देण्यापूर्वी जोडलेल्या संचांची क्षमता विचारून घेतो. स्वयंपाकघरातील संच जुना, ७२० रेषांचा असेल, तर पुष्कळ स्प्लिटर दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यालाही तेवढेच चित्र देतात. नक्कलप्रतिबंधाची एचडीसीपी व्यवस्था नसलेला संच साखळीत आला, तर पडदा काळाच राहतो. महागडा संच घेऊनही चित्र मनासारखे न दिसण्याचे कारण अनेकदा घरातील हा सर्वांत स्वस्त संच असतो.

तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने वाढला, तो म्हणजे ब्रॉडबँडचा. पूर्ण एचडी चित्रपटाला साधारण ५ मेगाबिट वेग पुरतो. तीन खोल्यांत तीन वेगळे कार्यक्रम चालले तरी १५ ते २० मेगाबिट. अडचण बाहेरून येणाऱ्या वेगाची क्वचितच असते, घरातल्या वाय-फायची असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरनी गजबजलेला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटच्या दोन भिंतींत दमतात. वसईतील जुन्या बंगल्यांच्या जाड भिंती तर त्यांना पहिल्याच वळणावर थोपवतात. जो संच जागचा हलत नाही त्याला वायरनेच जोडावे, वाय-फाय मोबाइलसाठी राखावे. सामना पाहताना मात्र एक गोष्ट सोसावी लागते: इंटरनेटवरचे थेट चित्र डिशपेक्षा बरेच सेकंद मागे असते, आणि शेजारच्या ब्लॉकमधील जल्लोष आधी ऐकू येतो.

वर्गणीचा हिशेबही पाहावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२० मधील दुरुस्तीने एकाच घरातील दुसऱ्या व पुढील संचांसाठीचे नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले होते. २०२४ च्या दुरुस्तीने नेटवर्क शुल्कावरील कमाल मर्यादा उठवून ते सेवादात्यांवर सोपवण्यात आले. त्यामुळे दुसऱ्या बॉक्सचा दर प्रत्येक सेवादात्याकडून लेखी विचारून घेणे श्रेयस्कर. एका घराच्या जोडणीची वायर शेजारच्या ब्लॉकमध्ये देणे हे सेवेच्या अटींचा भंग ठरते, शेजारधर्म कितीही जुना असो.

नवे घर घेणाऱ्याने किंवा पुनर्विकासात ताबा मिळणाऱ्याने गिलाव्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीपर्यंत किमान २५ मिलिमीटरचा एक मोकळा पाइप टाकून घ्यावा. त्यात दोन आरजी-६ व दोन कॅट-६ वायरी सहज बसतात. हा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा असावा आणि त्यात ओढण्यासाठी एक तार सोडून ठेवावी. सर्व पाइप एका ठिकाणी, शक्यतो पोटमाळ्याजवळ किंवा दरवाजावरच्या कप्प्यात एकत्र यावेत. राउटर, स्प्लिटर, मल्टिस्विच तेथेच ठेवता येतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ही जागा उंचावरच निवडावी. जुलै २०१८ च्या पावसात वसईच्या अनेक वसाहतींत पाणी शिरले आणि वीजपुरवठाही बंद ठेवावा लागला, तेव्हा जमिनीलगतची उपकरणे सर्वांत आधी पाण्याखाली गेली. गच्चीवरच्या डिशला अर्थिंग देणे आणि वादळी गडगडाटात बॉक्सची वायर काढून ठेवणे, ही दोन कामे मे महिन्याच्या अखेरीस इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालतानाच उरकता येतात.