हिमदंश

तीव्र थंडीमुळे शरीरातील ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचे समूह) गोठून होणारी इजा. हातापायांची बोटे, नाक, कान व गाल यांना ती विशेषेकरून होते. बाधित भाग प्रथम दुखतो, मग बधिर, फिकट व मेणासारखा कठीण होतो. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही. तेथे बधिरता हीच भरवशाची खूण होय. वेदना थांबल्याने रुग्णास बरे वाटू लागते, हा यातील मोठा धोका आहे. ऊब मिळाल्यावर फोड येतात; स्वच्छ द्रवाचे फोड उथळ, तर रक्तमिश्रित फोड खोल इजा दर्शवितात.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमीनीक झां लारे यांनी आयलाऊची लढाई (१८०७) व मॉस्कोहून झालेली माघार (१८१२) यांत या विकाराचे बारकाईने निरीक्षण केले. आयलाऊ येथे कडाक्याच्या थंडीत सैनिकांची तक्रार नव्हती; हवा उबदार होताच त्यांचे पाय सुजून कोथ (ऊतकांचा मृत्यू) झाला. शेकोटीवर पाय शेकणाऱ्यांची दशा अधिकच वाईट होई. त्यावरून खरा अपाय उष्णतेने होतो, असा निष्कर्ष काढून लारे यांनी बाधित भाग बर्फाने चोळण्याचा सल्ला दिला. निरीक्षण अचूक होते, अनुमान मात्र चुकले. बधिर पाय आगीत भाजत होते आणि रात्री शेकलेले पाय दुसऱ्या दिवशी चालताना पुन्हा गोठत होते. पुन्हा गोठणे हेच सर्वांत घातक असते.

लारे यांच्या अधिकारामुळे हा उपचार शतकाहून अधिक काळ टिकला. चोळण्याने गोठलेली ऊतके उलट अधिक फाटतात. अन्नपूर्णा शिखर ३ जून १९५० रोजी सर करून परतणाऱ्या मॉरीस एर्झोग व लुई लाशनाल यांचे पाय सहकाऱ्यांनी चोळले आणि त्यांवर दोरीच्या टोकाने फटकेही मारले. मोहिमेचे डॉक्टर झाक ऊदो यांनी रोहिण्यांत अंतःक्षेपणे दिली. तरीही दोघांची पायाची सर्व बोटे आणि एर्झोग यांच्या हातांची बहुतेक बोटे कापावी लागली.

१९४० नंतरच्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांनी जलद ऊब देणे हितकर ठरविले. अलास्कातील विल्यम मिल्स यांनी १९६०–६१ मध्ये रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत रूढ झाली. बाधित भाग ३७° ते ३९° से. तापमानाच्या पाण्यात, तो मऊ व लालसर होईपर्यंत, सुमारे अर्धा तास बुडवितात. वेदना तीव्र असल्याने वेदनाशामक द्यावे लागते. पुन्हा गोठण्याचा संभव असल्यास मात्र ऊब देणे लांबणीवर टाकतात. गोठलेल्या पायांनी उतरणे त्या मानाने कमी हानिकारक असते. मृत व जिवंत ऊतकांची सीमा स्पष्ट होण्यास कित्येक आठवडे, क्वचित महिने लागतात. म्हणून, जंतुसंसर्ग बळावला नसल्यास, अवयवोच्छेदनाची घाई करीत नाहीत.

वितळल्यानंतर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत होणाऱ्या गुठळ्यांमुळेही बरीच हानी होते, हे समजल्यावर गुठळ्या विरघळविणारी औषधे वापरात आली. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या आयलोप्रोस्ट या औषधास अमेरिकेत तीव्र हिमदंशासाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली.