नांगरणीचे ट्रॅक्टर आणि दक्षिण ध्रुव

१/ ४ जानेवारी १९५८. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकी संशोधन तळाजवळ तीन लहान ट्रॅक्टर येऊन थांबले. ते लष्करासाठी घडवलेले नव्हते, ध्रुवीय मोहिमांसाठीही नव्हते. शेत नांगरण्यासाठी बनवलेली ती यंत्रे होती. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट ध्रुवावर पोचला, त्यानंतर जमिनीवरून तेथे पोचलेली ही पहिलीच तुकडी होती. आणि इंजिनाच्या बळावर तो पल्ला गाठणारी तर इतिहासातील पहिली.

२/ तुकडीचा प्रमुख होता एडमंड हिलरी. १९५३ मध्ये तेनझिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्ट सर केल्यामुळे त्याचे नाव जगभर झाले होते. त्यामुळे ध्रुवाच्या वृत्तांतातही ठळक अक्षरांत त्याचेच नाव छापले गेले. मात्र ते ट्रॅक्टर ध्रुवापर्यंत का पोचू शकले, याचे उत्तर ध्रुवावर सापडत नाही. ते सापडते १९५७ च्या काळोख्या हिवाळ्यात आणि दोन यंत्रज्ञांच्या तेलकट हातांत. जिम बेट्स आणि मरे एलिस ही त्यांची नावे.

३/ आधी ट्रॅक्टरविषयी. त्याचे नाव फर्ग्युसन टीई-२०. त्याच्या राखाडी रंगामुळे इंग्लंडमधील शेतकरी त्याला लाडाने 'छोटी राखाडी फर्गी' म्हणत. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री शहरातील बॅनर लेन कारखान्यात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. वजन सुमारे १.१ टन आणि पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे २८ अश्वशक्ती. आजच्या मोजमापानेही हा लहान ट्रॅक्टरच ठरेल.

४/ त्याची खरी ताकद अश्वशक्तीत नव्हती, जोडणीत होती. त्यापूर्वीचे ट्रॅक्टर नांगराला बैलासारखे मागे ओढत. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाई आणि कधी कधी संपूर्ण यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची उचल हायड्रॉलिक यंत्रणेकडे सोपवली. आता नांगरावरचा ताणच पुढची चाके जमिनीला टेकवून ठेवू लागला आणि मागच्या चाकांची पकड वाढवू लागला. त्यामुळे हलके यंत्र अवजड यंत्राचे काम करू लागले.

५/ देखभालीचा विचारही त्यात मुळापासून होता. ट्रॅक्टरसोबत एक खास पाना मिळे. त्याच्या दोन टोकांनी ट्रॅक्टरचे आणि अवजारांचे बहुतेक नट-बोल्ट फिरवता येत. पान्यावर इंचांच्या खुणा होत्या. त्यामुळे नांगराची मापे घेता येत आणि टाकीत बुडवून इंधन किती उरले तेही पाहता येई. शेतकऱ्याला शहरातील कारागिराची वाट पाहावी लागू नये, ही त्यामागची दृष्टी. पुढे दक्षिण ध्रुवखंडात हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरणार होती, कारण तेथे वाट पाहण्यासारखा कारागीर नव्हताच.

६/ यंत्राने ध्रुव गाठण्याचे स्वप्न मात्र जुने होते. १९०८ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन अ‍ॅरोल-जॉन्स्टन कंपनीची मोटारगाडी घेऊन अंटार्क्टिकात उतरला. घट्ट समुद्री बर्फावर ती बरी चालली, मऊ हिमात मात्र तिची चाके रुतली. १९११ मध्ये स्कॉटने पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटर स्लेज नेल्या. त्यांतील एक तर जहाजावरून उतरवताना, ८ जानेवारी १९११ रोजी, बर्फ फुटून समुद्रात बुडाली.

७/ उरलेल्या दोन स्लेज ऑक्टोबर १९११ मध्ये निघाल्या. हवेने थंड होणारी त्यांची इंजिने उणे तापमानातही तापत. थांबून निवू द्यावीत, तर पुन्हा चालू होईनात. नोव्हेंबरच्या आरंभालाच दोन्ही यंत्रे वाटेत सोडून द्यावी लागली. त्यांच्यासोबतच्या माणसांनी सामान स्वतः ओढत पुढचा रस्ता धरला. पट्ट्यांची कल्पना योग्य होती, बर्फावरची पकडही चांगली होती. दगा दिला तो इंजिनांनी.

८/ या अपयशामागे एक मानवी दुवाही आहे. मोटर स्लेजच्या घडणीत स्कॉटला सर्वाधिक साहाय्य केले ते नौदलातील अभियंता रेजिनाल्ड स्केल्टन याने. १९०१-०४ च्या डिस्कव्हरी मोहिमेतही तो स्कॉटसोबत होता. मात्र नव्या मोहिमेचा उपप्रमुख टेडी इव्हान्स हुद्द्याने स्केल्टनपेक्षा खालचा होता. वरच्या हुद्द्याचा अधिकारी आपल्या हाताखाली असणे इव्हान्सला अवघड वाटले आणि स्केल्टनला वगळण्यात आले. बर्नार्ड डे हा कसबी मोटर अभियंता सोबत होता, पण ज्याने यंत्र मुळापासून जाणले होते तो मागेच राहिला. स्केल्टन असता तर यंत्रे ध्रुवावर गेली असती, असे म्हणता येत नाही. १९११ ची इंजिने मुळातच कच्ची होती. तरीही यंत्र न्यायचे आणि त्याच्या जाणकाराला मागे ठेवायचे, हा निर्णय महाग पडला.

९/ आता १९५७. राष्ट्रकुल अंटार्क्टिक-पार मोहिमेचा नेता होता ब्रिटिश भूवैज्ञानिक व्हिव्हियन फुक्स. वेडेल समुद्राच्या बाजूने निघून ध्रुवामार्गे रॉस समुद्रापर्यंत संपूर्ण खंड ओलांडायचा, हा त्याचा बेत. त्यासाठी त्याच्याकडे स्नो-कॅट ही खास बर्फावर चालणारी मोठी वाहने होती. दुसऱ्या बाजूने न्यूझीलंडच्या तुकडीने येऊन फुक्ससाठी इंधन आणि अन्नाचे साठे रचायचे होते. तिचा प्रमुख हिलरी. त्याच्या वाट्याला आले ते शेतीचे फर्ग्युसन ट्रॅक्टर.

१०/ जानेवारी १९५७ मध्ये रॉस बेटावर स्कॉट तळ उभा राहिला. ट्रॅक्टरांची पहिली मोठी परीक्षा मार्च महिन्यात झाली. हिलरी, बेट्स, एलिस आणि नौदलातील रेडिओतज्ज्ञ पीटर मलग्रू हे चौघे ट्रॅक्टर घेऊन केप क्रोझियरकडे गेले. १९११ च्या हिवाळ्यात स्कॉटचे तीन सहकारी पेंग्विनची अंडी आणण्यासाठी स्लेज ओढत ज्या वाटेने गेले होते, तीच ही वाट. ट्रॅक्टर सुखरूप परतले. यंत्रे कोठवर टिकतील याचा अंदाज आला आणि त्यांत काय सुधारावे लागेल हेही कळले.

११/ एप्रिलच्या अखेरीस सूर्य मावळला. तो पुन्हा दिसणार होता ऑगस्टमध्ये. तळावरील २३ माणसांसाठी हा चार महिन्यांचा काळोख होता. त्या थंडीत यंत्राचा प्रत्येक अवयव वेगळ्या रीतीने रुसतो. इंजिनचे ऑइल घट्ट होते, बॅटरीतील जोर ओसरतो, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, रबर कडक होते आणि पोलाद ठिसूळ बनते. उघड्या बोटांनी पाना धरला तर कातडी धातूला चिकटते. मोजे घालावेत, तर बारीक बोल्ट हाती लागत नाही.

१२/ अशा वातावरणात बेट्स आणि एलिस यांनी हिवाळाभर काम केले. रबरी पट्टे पुढच्या व मागच्या चाकांवरून फिरवून ट्रॅक्टरांना पूर्ण पट्टेदार रूप देण्यात आले होते. पट्ट्यांना बर्फात रुतून पकड घेणाऱ्या पोलादी आडव्या पट्ट्या होत्या आणि मधल्या जागेत आधाराचे जास्तीचे चाक. पुढची चाके पट्ट्यात अडकल्यामुळे स्टीअरिंग निरुपयोगी ठरले. वळण घ्यायचे तर एका बाजूचा ब्रेक दाबायचा. टीई-२० ला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र होते. शेताच्या बांधाशी चटकन वळता यावे म्हणून केलेली ही सोय आता हिमनदीवर कामी येणार होती.

१३/ चालकाला वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून कॅनव्हासचे आच्छादन लावण्यात आले. ट्रॅक्टर हिमभेगेत कोसळला तर चालक चिरडू नये म्हणून डोक्यावर लोखंडी संरक्षक चौकट बसवली. स्लेज ओढण्याचे सांधे भक्कम केले. शिवाय घसरपट्ट्यांवरची एक चिमुकली खोली तयार झाली. तिच्यात रेडिओ, स्वयंपाक आणि झोपण्याची सोय होती. यांतील एकही सुधारणा दिपवून टाकणारी नव्हती. प्रत्येक सुधारणेमागे एकच विचार होता: वाटेत हे मोडले, तर काय?

१४/ १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तीन फर्ग्युसन आणि वीझल नावाचे एक लष्करी बर्फवाहन स्कॉट तळावरून निघाले. पठारावर चढण्याचा मार्ग ज्या हिमनदीतून जात होता, तिचे नाव स्केल्टन हिमनदी. १९१० मध्ये मागे ठेवलेल्या त्या अभियंत्याचेच हे नाव. बर्फासाठी खास बनवलेले वीझल वाटेत निकामी झाले आणि सोडून द्यावे लागले. शेतीचे तिन्ही ट्रॅक्टर पुढे जात राहिले.

१५/ धोका डोळ्यांना दिसत नव्हता. हिमभेगांवर हिमाचे पातळ झाकण असते, वरून सारे सपाट दिसते. म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधून चालवले जात. पुढचा खचला, तर मागच्यांनी त्याला धरून ठेवायचे. गिर्यारोहक एकमेकांना दोर बांधून चढतात, तीच रीत येथे यंत्रांना लावली होती. अनेकदा झाकण फुटले आणि ट्रॅक्टर भेगेच्या तोंडाशी लटकला. दर वेळी त्याला ओढून काढून पुन्हा वाटेला लावण्यात आले.

१६/ उंची वाढली तशी हवा विरळ झाली आणि इंजिनांची मूळचीच बेताची ताकद आणखी घटली. ध्रुवाचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंच आहे. अशा प्रवासात मुक्काम म्हणजे विश्रांती नव्हे. पिंपांतून इंधन भरणे, पट्ट्यांचा ताण तपासणे, सैल बोल्ट आवळणे, वंगण देणे, ही रोजची कामे. त्यांतील एकाचाही कंटाळा केला, तर त्याची किंमत पुढच्या मैलांवर मोजावी लागते.

१७/ वाटेत साठे रचत तुकडी १५ डिसेंबरला 'डेपो ७००' येथे पोचली. तळापासून ७०० मैल, म्हणून हे नाव. ही मजल केवळ ट्रॅक्टरांची नव्हती. कुत्र्यांच्या स्लेज घेऊन गेलेल्या सहकाऱ्यांनी पुढची वाट शोधली होती आणि विमानाने साठ्यांवर इंधन उतरवले होते. हिलरीकडे सोपवलेले काम येथे पूर्ण झाले. फुक्सची तुकडी अद्याप बरीच मागे होती. ध्रुवापर्यंत जाण्याची आज्ञा हिलरीला नव्हती. तरीही तो निघाला.

१८/ यावरून मोठा वाद पेटला. हिलरीने फुक्सच्या मोहिमेला शर्यतीचे रूप दिले, असे अनेकांनी म्हटले. ध्रुवावर पोचल्यानंतर त्याने फुक्सला उरलेला प्रवास पुढच्या मोसमावर ढकलण्याचा सल्ला दिला. फुक्सने तो मानला नाही आणि वृत्तपत्रांना आयताच विषय मिळाला. त्या निर्णयाचे समर्थन करावे की न करावे, हा प्रश्न आजही खुला आहे. एक गोष्ट मात्र निश्चित. तीन ट्रॅक्टर ७०० मैलांनंतरही चालण्याजोगे होते, म्हणूनच तसा निर्णय घेण्याचा मोह होऊ शकला.

१९/ अखेरच्या टप्प्यात हिम इतके मऊ लागले की ट्रॅक्टर जागच्या जागी रुतू लागले. ओझे कमी करण्यासाठी सामान टाकून द्यावे लागले. हिलरी, मलग्रू, बेट्स, एलिस आणि छायाचित्रकार डेरेक राइट असे पाच जण ध्रुवावर उतरले, तेव्हा टाक्यांत जेमतेम काही मैलांपुरते इंधन शिल्लक होते. फुक्स १९ जानेवारीला ध्रुवावर आला आणि २ मार्च १९५८ रोजी स्कॉट तळावर पोचून त्याने ९९ दिवसांत खंड ओलांडला. त्याचे चारही स्नो-कॅट अखेरपर्यंत टिकले, आणि त्यांच्यामागेही डेव्हिड प्रॅट व रॉय होमार्ड हे दोन अभियंते होते.

२०/ हिलरीने पुढे ट्रॅक्टरच्या कंपनीला तारेने कळवले की या यंत्रांच्या भरवशामुळेच ध्रुव गाठता आला. न्यूझीलंडच्या १९९२ च्या पाच डॉलरच्या नोटेवर हिलरीच्या चित्रासोबत तो लहानसा ट्रॅक्टरही झळकला. त्या ट्रॅक्टरांपैकी एक आज क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात आहे. फर्ग्युसनची तीन दांड्यांची जोडणी तर जगभर पसरली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावात ट्रॅक्टरच्या मागे उचललेला नांगर किंवा रोटाव्हेटर दिसतो, तो याच जोडणीवर.

२१/ नोटेवर बेट्स आणि एलिस नाहीत. शोधांच्या इतिहासात निघण्याची आणि पोचण्याची तारीख नोंदली जाते. मधल्या हिवाळ्यात आवळलेल्या बोल्टांची नोंद क्वचितच होते. तरीही १९११ ची बंद पडलेली स्लेज आणि १९५८ चा ध्रुवावरील ट्रॅक्टर यांच्यातील अंतर समजून घ्यायचे, तर दोन गोष्टी सोबतच पाहाव्या लागतात. एक, ४६ वर्षांत सुधारलेले इंजिन. दुसरी, त्या इंजिनाला मुळापासून ओळखणारा माणूस या वेळी तळावर मागे राहिला नव्हता. तो स्वतः ट्रॅक्टरवर बसला होता.