शास्त्रीय ऐकायचंय, पण सुरुवात कुठून?

"मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही, पण ऐकायचंय. कुठून सुरू करू?" हा प्रश्न आपल्या आयटीवाल्या मंडळींत कुणी ना कुणी विचारतंच. त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं. आधी थाट, वादी-संवादी समजून घे, मग तासाभराचा एखादा राग शांतपणे ऐक. बिचारा विचारणारा विलंबित ख्यालाच्या दहाव्या मिनिटाला पेंगतो आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून मोकळा होतो. एक श्रोता कायमचा गेला!

माझं उत्तर वेगळं आहे. ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्ड्सपासून सुरू करा. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, बस्स. कुणाला वाटेल ही पळवाट आहे. पण थोडा इतिहास बघितला तर लक्षात येतं की दरबार आणि मैफिलींच्या बाहेरचा श्रोता या संगीताला मिळवून देण्यात याच तबकड्यांचा मोठा हात होता.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून चढ्या आवाजात गायचं आणि तीन मिनिटांत आटपायचं. गाण्याच्या शेवटी गौहर जान चक्क इंग्रजीत आपलं नाव सांगते. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या तंत्रज्ञांना गाणं कुणाचं ते कळायला हवं ना! म्हणजे आपल्या भाषेत मेटाडेटा फाईलमधेच टाकलेला :)

आता प्रश्न असा, की तासभर गाणाऱ्याने तीन मिनिटांत काय करायचं? सगळ्यांना हे मान्य नव्हतं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांचं एकही ध्वनिमुद्रण मागे राहिलेलं नाही. त्यांचं गाणं आपल्याला ऐकावं लागतं ते शिष्यांच्या गळ्यातून. उलट किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) बघा. मिरजेत स्थायिक झालेल्या या गायकाने तबकडीसाठी गाताना पसारा बाजूला ठेवला. दोन-चार स्वरांत रागाचा चेहरा, मग बंदिशीचा मुखडा, थोडी आलापी, मोजक्या ताना, आणि संपलं. त्यांच्या झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्यांच्या रेकॉर्ड्समधे घाई कुठेही जाणवत नाही.

या तबकडीने मैफिलीला कधीच न जमणारी आणखी एक गोष्ट केली. तेच गाणं पुन्हा लावता यायला लागलं. पाचव्यांदा ऐकताना मुखडा कधी येणार ते आपल्याला आधीच कळतं, आणि तो तिथेच आला की मजा वाटते. रागाची ओळख होते ती अशी, नियम पाठ करून नव्हे.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे भीमसेन जोशी. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड कानावर पडली, आणि असं गाणं शिकायचंच या वेडापायी १९३३ मधे, अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. भटकून भटकून शेवटी गुरू मिळाले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. ज्या माणसाने पुढे तासन् तास राग मांडले, त्याचीही सुरुवात अशी एका तबकडीपासूनच झाली. मग आपण लाजायचं कशाला?

अजून एक गंमत. १९७७ मधे व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली गेली. पृथ्वीवरचं संगीत कधीच न ऐकलेल्यांना काय ऐकवायचं? म्हणजे ‘कुठून सुरू करू’चीच अवकाश आवृत्ती! कार्ल सेगनच्या समितीने भारतातून निवडली ती गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी. लांबी साडेतीन मिनिटांच्या आसपास. आपण मैफल संपवतो भैरवीने, परग्रहवासी सुरुवातच भैरवीने करणार. दुसरं व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ज्यांचा स्वतःचा आवाज कुठल्याच तबकडीवर नाही, त्यांची तालीम आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करते आहे.

तर आता माझी शिफारस. पहिला आठवडा फक्त अब्दुल करीम खाँ, दोन किंवा तीनच रेकॉर्ड्स, रोज त्याच. मग त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. नंतर बालगंधर्वांची ‘स्वयंवर’ (१९१६) मधली पदं. त्यांच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे नाटकाच्या वेषातला रागच. मग केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर. हे पचलं की एलपीकडे वळा, जिथे एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात. अमीर खाँचा मारवा तेव्हा ऐका, आधी नको. एकाच घराण्याच्या धाग्याने पुढे गेलं तर कान लवकर तयार होतो: अब्दुल करीम, सवाई गंधर्व, भीमसेन, किंवा केसरबाई, मोगूबाई, किशोरी आमोणकर.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. रागाची सावकाश होणारी बढत, समेवर सगळ्या सभागृहाची एकदम हललेली मान, हे तबकडीत नाही. त्यासाठी मैफिलीलाच जायला हवं. पण तिथे ‘मला काय कळणार’ म्हणून मागच्या रांगेत अवघडून बसण्यापेक्षा चार मुखडे ओळखीचे घेऊन गेलेलं बरं. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. भीमसेनजींनीच गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. या शनिवारी पहिली तीन मिनिटं ऐका, आणि डिसेंबरात तिकीट काढा.