मैदानाच्या दाराशी

आपल्या मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या जत्रेत जा. कुस्त्यांचा फड उघड्यावर भरलेला दिसेल. पहिल्या कुस्त्या पोराटोरांच्या, रेवड्यांवरच्या. शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची. ते इनाम गावाच्या वर्गणीतून उभे राहते, आणि पाहणारा मनुष्य जमिनीवर, झाडावर, जेथे मिळेल तेथे बसतो. तेथे दार नाही, म्हणून तिकीट नाही. आणि तिकीट नाही, म्हणून भांडणही नाही. ज्या दिवशी मैदानाभोवती कुंपण उभे राहते त्या दिवशी दोन प्रश्न एकदम जन्मास येतात. दारावर जमलेला पैसा कोणाचा, हा पहिला. आणि आतल्या जागा वाटण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. परंतु खेळांच्या इतिहासात जी मोठी स्थित्यंतरे झाली, ती बहुधा या दुसऱ्या प्रश्नाने घडविली आहेत, असे मला वाटते. आजचे भाषण त्याविषयी आहे.

प्रथम पहिल्या प्रश्नाचे एक परदेशातील उदाहरण घेतो. इंग्लंडच्या उत्तर भागात, खाणी व गिरण्या यांच्या मुलखात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बी फुटबॉलचा खेळ फार लोकप्रिय होता. शनिवारी हजारो लोक पैसे देऊन सामना पाहावयास येत. खेळणारे मात्र खाणीतले व गिरणीतले मजूर. सामन्यासाठी कामावर खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडे. बुडालेली मजुरी तरी भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. खेळाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ती दक्षिणेकडील सुखवस्तू मंडळी म्हणाली, खेळ हा हौसेचा. त्यात पैशाचा स्पर्श नको. दि. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड या गावी उत्तरेकडील क्लबांनी एकत्र जमून आपली निराळी संघटना स्थापन केली व खाड्याबद्दल दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास मोकळीक दिली. तेरा गड्यांचा ‘रग्बी लीग’ नावाचा जो खेळ आज इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत खेळला जातो, त्याचे मूळ या दारावरच्या पैशाच्या वाटणीत आहे.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १८७७ साली पारशी मंडळी बाँबे जिमखान्याच्या युरोपियनांशी क्रिकेटचा सामना खेळली. पुढे १९०७ साली हिंदूंचा संघ आला व स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला व ती चौरंगी झाली. सामने व्हावयाचे ते बाँबे जिमखान्याच्या मैदानावर. खेळावयास हिंदी लोक चालत, परंतु त्या जिमखान्याचे सभासदत्व त्यांना बंद होते. सामन्यांपुरते मांडव व तात्पुरत्या बैठका उभारल्या जात, आणि उत्पन्न निरनिराळ्या जिमखान्यांच्या पदरात पडे. ज्यांच्या गोलंदाजीसाठी लोक गर्दी करीत त्या पळवणकर बाळूंसारख्या खेळाडूचा उदरनिर्वाह त्या उत्पन्नावर चालत नसे; पुण्यात ते युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या व गोलंदाजीच्या चाकरीवर होते. म्हणजे खाड्याचा प्रश्न आपल्याकडेही होताच. तो कोणी विचारला नाही, इतकेच.

डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना याच बाँबे जिमखान्यावर झाला व लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. परक्याच्या अंगणात, मांडव घालून, किती दिवस खेळावयाचे, हा विचार तिच्या चालकांच्या मनात होता. बॅक बे येथे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीपैकी सुमारे ९०,००० चौरस यार्ड जागा या क्लबाला मिळाली; दर चौरस यार्डास साडेतेरा रुपये. नुसत्या जमिनीचा हिशेब बारा लक्ष पंधरा हजारांवर जातो! गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या हस्ते २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसली व त्यांचेच नाव मैदानाला देण्यात आले. ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांच्या संघाशी सामना होऊन ब्रेबर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले.

आता हिंदी क्रिकेटला पक्के घर मिळाले, भांडण मिटले, असे कोणासही वाटावे. झाले ते उलटेच. त्याच हंगामात ‘इतर’ या नावाने पाचवा संघ घेऊन स्पर्धा पंचरंगी झाली, आणि पहिल्याच पंचरंगीत हिंदूंचा संघ उतरला नाही! कारण काय, तर नव्या स्टेडियमवर हिंदू जिमखान्याच्या वाट्याला आलेल्या जागा त्यांना पुरेशा वाटल्या नाहीत. लक्षात घ्या, वाद पंचांच्या निर्णयाचा नव्हता, कर्णधारपदाचा नव्हता; बैठकींचा होता. ज्या संघाला पाहावयास सर्वांत अधिक लोक येत, तोच संघ जागांच्या वाटपावरून घरी बसला. ते अजिंक्यपद मुसलमानांच्या संघाने मिळविले. जिमखान्याच्या दृष्टीने जागा म्हणजे केवळ बसण्याची सोय नव्हे. जागा हाती असल्या की सभासद टिकतात, नवे सभासद येतात, आश्रयदाते खूष राहतात. तिकीट एकदाच विकले जाते. जागा वाटण्याचा अधिकार मात्र दर वर्षी फळ देणाऱ्या झाडासारखा असतो.

पुढील वर्षी हिंदू संघ परत आला. जातवार संघ असावेत की नाहीत हा वाद मात्र वाढत गेला व डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी वर्धा येथे या पद्धतीविरुद्ध स्पष्ट मत दिले. तथापि प्रेक्षकांचा ओघ थांबला नाही. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० धावा केल्या, आणि ‘इतर’ संघाकडून आपल्या सांगलीच्या विजय हजारे यांनी, संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या! १९३४ पासून सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांना अशी गर्दी होत नसे. म्हणून जातवार स्पर्धा वाईट असे म्हणणाऱ्यांनाही तिच्या उत्पन्नाला पर्याय दाखविणे कठीण जाई. १९४६ च्या आरंभी शेवटची पंचरंगी झाली व तो अध्याय संपला.

या सर्व काळात जालन्याचा मनुष्य कोठे होता? जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातले व्यापाराचे गाव. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. येथून मुंबईस जावयाचे तर लहान रुळांच्या गाडीने मनमाड, तेथे गाडी बदलून पुढचा प्रवास. मग मुक्कामाची सोय, आणि मग तिकीट. जालनेकराच्या दृष्टीने तिकिटाची किंमत त्यावर छापलेली कधीच नव्हती; तीत आगगाडीचे भाडे व बुडालेले दुकानाचे दिवस मिळवावे लागत. हडर्सफील्डचा खाडा प्रेक्षकालाही चुकत नाही, तो असा.

त्याला जागा मिळाली ती रेडिओवर. १९३४ च्या चौरंगी स्पर्धेपासून ए. एफ. एस. तल्यारखान यांनी मैदानावरून धावते वर्णन सांगण्यास प्रारंभ केला. तासन् तास एकट्याने बोलत. ब्रिटिश हिंदुस्थानात रेडिओच्या परवान्याची वार्षिक फी १० रुपये होती. त्या एका परवान्यावर घरातील मंडळी, शेजारी व रस्त्यावर थबकलेले वाटसरू असे सगळेच सामना ऐकत. बैठकींचे वाटप करणारा कोणी नाही असे मैदान प्रथमच निर्माण झाले. पुढे काय होणार याची ती नांदी होती. कारण घरबसल्या ऐकणारा व पाहणारा प्रेक्षक हाच एक दिवस खेळाच्या तिजोरीचा मुख्य आधार व्हावयाचा होता.

परंतु त्याआधी मुंबईत जागांनी आणखी एक पराक्रम केला. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लबाच्या मालकीचे. कसोटी सामने भरविण्याची जबाबदारी मुंबई क्रिकेट असोसिएशनची. प्रत्येक सामन्याच्या वेळी, असोसिएशनला किती जागा द्यावयाच्या, यावरून कुरबूर होई. १९७३ च्या सुमारास ती विकोपास गेली. एका बाजूस क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूस असोसिएशनचे अध्यक्ष व त्या वेळचे विधानसभेचे सभापती शेषराव वानखेडे. तडजोड झाली नाही. मग असोसिएशनने चर्चगेटजवळ, ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर, सुमारे तेरा महिन्यांत स्वतःचे स्टेडियम उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला व क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. एका शहरात, पायी दहा मिनिटांच्या टापूत, दोन प्रचंड स्टेडियमे! पैकी ब्रेबर्नवर त्यानंतरचा कसोटी सामना व्हावयास २००९ साल उजाडले. जागांच्या वाटपाचा तंटा किती महाग पडू शकतो, याचा हा सिमेंट-काँक्रीटमध्ये लिहिलेला पुरावा आहे.

यापुढची हकीकत नागपूरच्या एन. के. पी. साळवे यांची. ते नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्स मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना भारत खेळला. साळवे यांनी सांगितल्याप्रमाणे, त्यांनी दोन जादा प्रवेशिका मागितल्या आणि त्या नाकारल्या गेल्या. भारताने चषक जिंकला. पण तो नकार त्यांच्या मनात सलत राहिला, आणि ही स्पर्धा इंग्लंडबाहेर काढावयाचीच असा निश्चय त्यांनी केला. मंडळाची सांपत्तिक स्थिती त्या वेळी अशी की, जगज्जेत्या खेळाडूंना बक्षीस देण्यासाठी लता मंगेशकर यांना दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम करावा लागला. त्यातून प्रत्येकास एक लाख रुपये देता आले. अशा मंडळाने पाकिस्तानच्या साहाय्याने व रिलायन्सच्या द्रव्यबळावर १९८७ ची स्पर्धा या उपखंडात भरविली. पुण्यास इंग्लंड व श्रीलंका खेळले; नागपूरला चेतन शर्मा यांनी लागोपाठ तीन बळी घेतले व सुनील गावस्कर यांनी शतक झळकविले; मुंबईत उपांत्य सामन्यात मात्र इंग्लंडने आपणांस ३५ धावांनी हरविले. मराठी मुलखातील सामान्य प्रेक्षकाला विश्वचषक आपल्या दाराशी पाहावयास मिळाला, यात दोन नाकारलेल्या प्रवेशिकांचाही वाटा आहे.

यानंतर खेळाच्या अर्थकारणाचा पायाच बदलला. १९९३ च्या हीरो चषकाच्या वेळी दूरचित्रवाणीच्या हक्कांवरून तंटा झाला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. प्रक्षेपणाचे हक्क मोठ्या किमतीस विकण्याचा मार्ग मोकळा झाला व दारावरचे उत्पन्न त्यापुढे किरकोळ ठरू लागले. मग वरकरणी असे वाटेल की, तिकिटाचा पैसा नगण्य झाला, तर तिकीट सामान्य मनुष्यास सहज मिळू लागले असेल. पण २ एप्रिल २०११ चा वानखेडे स्टेडियमवरील अंतिम सामना आठवा. सुमारे ३३,००० जागांपैकी उघड विक्रीस आल्या त्या सुमारे ४,०००. बाकीच्या बहुतेक संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना व निमंत्रित यांच्याकडे गेल्या. तिकिटे विकणारे संकेतस्थळ गर्दीच्या भाराने बंद पडले. याचे कारण वरील इतिहासातच आहे. तिकीट हे पैसा मिळविण्याचे साधन असते, तेव्हा ते पैसे देणाऱ्यास विकावेच लागते. ते साधन राहिले नाही की त्याची भेटवस्तू बनते, आणि भेट ओळखीच्या माणसालाच दिली जाते. १९३७ साली जे जिमखान्यांचे धोरण होते, तेच २०११ साली मोठ्या प्रमाणावर दिसले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या रग्बी लीगपासून आपण आरंभ केला, त्या खेळाच्या २००० सालच्या विश्वचषकात इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा पहिलाच सामना लंडनजवळील ट्विकनहॅमच्या प्रचंड मैदानावर ठेवला. प्रेक्षक आले ३३,७५८, निम्म्याहून अधिक मैदान रिकामे. ग्लॉस्टर व रेडिंग यांसारख्या, जेथे या खेळाची परंपरा नाही, अशा गावीही सामने नेले. स्पर्धा तोट्यात गेली. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवरील अंतिम सामन्यास ४४,३२९ लोक होते. तेरा वर्षांनी, २०१३ साली, त्याच मैदानावर तेच दोन संघ, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड, अंतिम सामना खेळले. प्रेक्षक होते ७४,४६८. या खेपेस वर्किंग्टन, रॉचडेल, हॅलिफॅक्स अशा खेळाच्या मूळ मुलखातील लहान गावांनाही सामने मिळाले होते. ज्यांच्या वाडवडिलांनी खाड्याच्या मजुरीसाठी वेगळी चूल मांडली, त्यांच्या वेशीपर्यंत खेळ परत गेला होता.

तात्पर्य, कोणत्याही स्पर्धेचा जमाखर्च वाचताना आपण दोन आकडे पाहावेत. एकूण जमा किती, हा पहिला. तो ताळेबंदात सापडतो. दुसरा बहुधा छापला जात नाही. कोणाची ओळख नसता, कोणाचा वशिला नसता, जालन्यासारख्या गावाहून गाडीत बसून आलेल्या मनुष्यासाठी दारावर किती जागा शिल्लक ठेवल्या होत्या, हा तो आकडा. आपल्या जत्रेतल्या फडाला ताळेबंद नसतो, वार्ताहरांची बैठक नसते. पण हा दुसरा आकडा तेथे विचारावा लागत नाही. मोठ्या मैदानांच्या चालकांना मात्र तो विचारीत राहणे, हे आपणा प्रेक्षकांचे काम आहे.